चार खोकी, सत्तावीस पोरं आणि बारा ‘ई’

गेल्या वर्षी मे महिन्यात पुण्याला गेले होते ती भाचीच्या साखरपुड्याच्या साड्या घ्यायला. वाकडेवाडीला एस.टी.तून उतरले, लक्ष्मी रोडसाठी रिक्षा केली आणि रिक्षावाल्याला अप्पा बळवंत चौकातच थांबवलं. शिक्षकाचं असंच असतं. साड्या थांबतात, खडू-कार्डपेपर थांबत नाहीत. शैक्षणिक साहित्याच्या एका दुकानात दोन तास घालवून मी बाहेर पडले तेव्हा हातात एक अस्सल स्क्रॅबल (अक्षरांच्या सोंगट्या पटावर लावून इंग्रजी शब्द करायचे आणि गुण मिळवायचे, तो खेळ), एक त्याची नक्कल, चित्रकार्डांचे एकाच छापाचे दोन संच आणि ऊनोचे पत्ते होते. सगळे मिळून दीड हजाराला तीस रुपये कमी, स्वतःच्या पर्समधले. शाळा अनुदानात बसवता आले असते. पण पावतीवर ‘पत्ते’ हा शब्द आला की ऑडिटच्या वेळी उत्तर कोण देत बसणार?

या खोक्यांना आता एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झालं. कोपरे फाटले, दोन खोकी दोरीनं बांधलेली आहेत, एक ‘एच’ पावसाळ्यात पन्हळीतून वाहून गेला. म्हणजे परीक्षण लिहायला हरकत नाही. विकत घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेल्या परीक्षणांवर माझा विश्वास नाही. नवी कुकरची रिंग पहिल्या दिवशी सगळ्यांचीच घट्ट बसते.

मी जुन्नर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवी ते सातवीला इंग्रजी शिकवते. २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं, त्याच सुमारास मी शिक्षणसेवक म्हणून लागले. म्हणजे पहिलीचं इंग्रजी आणि माझी नोकरी जवळजवळ एका वयाच्या. या काळात किती प्रशिक्षणं झाली त्याचा हिशेब ठेवलेला नाही, पण खेळातून शिकवा हे प्रत्येकात सांगितलं गेलं. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट), कृतीतून शिकवण्यासाठी गाजलेल्या शाळा बघायला राज्यभरातले शिक्षक गाड्या करकरून गेले, तशी मीही गेले. परत आल्यावर आमच्याही वर्गाच्या फरशीवर ऑइलपेंटनं ए टू झेड उमटले. आता त्यातले एम आणि एन ओळखू येत नाहीत. खेळ हवा की नको यावर माझा कुणाशी वाद नाही. वाद आहे तो कुठला खेळ यावर. खोक्यावर ‘एज्युकेशनल’ असं छापलेलं असतं, तेवढ्यावर जाऊ नये. ते हल्ली पेन्सिलीच्या शार्पनरवरही असतं.

माझी कसोटी साधी आहे. वीस मिनिटं एका गटाशेजारी बसायचं आणि पोरांच्या तोंडातून पूर्ण इंग्रजी वाक्य बाहेर पडलं की वहीत एक रेघ मारायची. नुसता शब्द धरायचा नाही, ‘येस बाई’ धरायचं नाही. कारण आमच्या पोरांना इंग्रजी शब्द कमी येत नाहीत. ट्रॅक्टर, स्प्रिंकलर, क्रेट, बॅलन्स, रिचार्ज, ड्रिप, पंप, मोटर, फेज असे शंभर शब्द ती घरूनच घेऊन येतात. अडतं ते दोन शब्द जोडताना.

ऊनोपासून सुरुवात करते, कारण त्याचं आटोपशीर आहे. खेळ म्हणून झकास. लाल, निळा, हिरवा, पिवळा असे चार रंग, शून्य ते नऊ आकडे, पाच मिनिटांत नियम कळतात आणि सहावीतला सगळ्यात अबोल मुलगासुद्धा शेवटचं पान हातात उरल्यावर ‘ऊनो!’ म्हणून ओरडतो. मी शेजारी वही घेऊन बसले. वीस मिनिटांत रेड, ब्लू, स्किप, रिव्हर्स आणि ऊनो, बाकी सगळं ‘अय टाक की’, ‘आता तू मेला’, ‘बाई, ह्यो पत्ता लपवतोय’. पूर्ण वाक्य एकही नाही. पान टाकायच्या आधी ‘आय हॅव अ रेड सेव्हन’ म्हणायचं, असा नियम मी घातला तर दोन डाव पाळला गेला, तिसऱ्या डावात ते वाक्य मंत्रपुष्पांजलीसारखं एका दमात, अर्थाशी संबंध तोडून म्हटलं जाऊ लागलं. न बोलता खेळता येत असेल तर पोरं बोलत नाहीत, एवढं मात्र ऊनोनं मला शिकवलं. शिवाय एका मुलीचे आजोबा शाळेत येऊन गेले. ‘बाई, आमी पारावर पत्ते खेळलो तर आमची सून बोलती, आन् तुमी शाळंत खेळवता?’ त्यांना मी पत्ते दाखवले. त्यात राजा-राणी नाही म्हटल्यावर त्यांचं थोडं समाधान झालं. श्रेणी द्यायची सवय हाताला आहेच, म्हणून: ऊनोला गंमत अ-१, इंग्रजी क-२.

आता नक्कल. याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण गावोगावच्या शाळांत बहुधा हेच पोचतं.

दुकानदार म्हणाला, ‘मॅडम, सेम टू सेम आहे. कंपनीचं नाव नाही म्हणून स्वस्त.’ अस्सल साडेआठशेला, हे दोनशे तीसला. पट तसाच, पंधरा बाय पंधरा घरांचा. सोंगट्या प्लॅस्टिकच्या, अक्षर नखानं खरवडलं की निघतं, पण दोनशे तीसमध्ये तेवढं चालतं. खरी गोम दुसरीकडे होती आणि ती मला जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कळली. पोरं खेळायला बसली आणि दहा मिनिटांत सगळे गट तुंबले. एकीच्या पुढ्यात क्यू, क्यू, व्ही, जे, झेड, एक्स आणि डब्ल्यू. ‘बाई, ह्याचं काय करू?’ मलाही सांगता येईना. मग सगळ्या सोंगट्या फरशीवर ओतून मोजायला लावल्या. १०४ भरल्या. सव्वीस अक्षरं, प्रत्येकाच्या चार. ज्यानं हे बनवलं त्यानं सगळ्या अक्षरांना सारखा न्याय दिला होता! चार ई आणि चार क्यू. कोरी सोंगटी एकही नाही.

तेव्हा अस्सल खोकं उघडून शेजारी ठेवलं आणि सातवीच्या पोरांना तेही मोजायला दिलं. शंभर सोंगट्या. ई बारा. ए नऊ, आय नऊ, ओ आठ. एन, आर, टी सहा-सहा. क्यू एक, झेड एक, के, जे आणि एक्सही एकेकच. दोन कोऱ्या, ज्यांना पोरांनी लगेच ‘जोकर’ नाव ठेवलं. असं का, म्हणून विचारलं. एक जण म्हणाला, ‘ई स्वस्तात मिळत असंल.’ बरोबरच बोलला तो, फक्त त्याला ठाऊक नव्हतं. हा खेळ काढणारा आल्फ्रेड बट्स हा अमेरिकन आर्किटेक्ट. १९३०च्या दशकातल्या मंदीत त्याचं काम गेलं आणि तो वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरची अक्षरं मोजत बसला. कुठलं अक्षर किती वेळा येतं त्यावरून सोंगट्या किती आणि गुण किती ते ठरवलं. जे वारंवार येतं त्याला एक गुण, जे क्वचित येतं त्याला दहा. एस मात्र त्यानं मुद्दाम चारच ठेवले म्हणतात, नाहीतर जो तो दुसऱ्याच्या शब्दाला शेपूट लावून अनेकवचन करत बसला असता. स्क्रॅबल हे नाव पुढे १९४८ साली जेम्स ब्रुनोनं दिलं.

हे सांगितल्यावर मी पोरांकडून एक काम करून घेतलं आणि सगळ्या वर्षातला माझा तो सगळ्यात चांगला तास झाला. इंग्रजीच्या पुस्तकातलं एक पान घ्यायचं आणि अक्षरं मोजायची. मग मराठीच्या पुस्तकातलं एक पान. इंग्रजीत ई पुढे गेला. मराठीत काना जिंकला. ‘बाई, मग मराठीच्या खेळात कान्याच्याच सोंगट्या जास्त लागतील’, असं खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली, आणि मी खडू खाली ठेवून खुर्चीत बसले. तिला त्या दिवशी जे समजलं ते मला डी.एड.च्या दोन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

नक्कल दुरुस्त करायला किती सोंगट्या घालायच्या आणि किती काढायच्या, हे गणित सातवीनंच केलं. २८ घालायच्या, ३४ काढायच्या, वर दोन कोऱ्या. घालायच्या त्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याच्या कापल्या. आमच्याकडे लग्नपत्रिकांना तोटा नाही. एकेका घरात गठ्ठे पडून असतात आणि हल्लीच्या पत्रिकांचा पुठ्ठा चांगला जाड असतो. आठ ई, पाच ए, पाच आय, चार ओ, दोन-दोन एन, आर, टी. एका ईच्या मागे ‘॥ श्री गणेशाय नमः ॥’तला गणपती अर्धा आला. आठवडाभर मी खुशीत. मग लक्षात आलं की पोरं पिशवीत हात घालून बोटांनी पुठ्ठा चाचपून नेमके स्वर काढतायत, प्लॅस्टिकला कुणी हातच लावत नाही. आता सोंगट्या मीच काढून देते.

या नकलेनं आणखी एक धडा शिकवला. गुणांचे आकडे अस्सलवरून जसेच्या तसे उचललेले होते, संख्या तेवढी चार-चार. एका मुलानं पटावर के-ई-के लावलं. केक. के चे पाच, ई चा एक, के चे पाच, अकरा गुण. दुसऱ्या गटातल्या मुलीनं हरकत घेतली, स्पेलिंग सी-ए-के-ई आहे म्हणाली. मोजलं. तीन, एक, पाच, एक, म्हणजे दहा. ‘बाई, चुकीच्याला अकरा आन् बरोबरला दहा?’ नियमाप्रमाणे चुकीचा शब्द उचलावा लागतो आणि पाळी जाते, पण त्या मुलाचा चेहरा बघून मला ते सांगणं जिवावर आलं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. त्याला येणाऱ्या लिपीत क ला मात्रा दिली, पुढे क लिहिला की केक होतो. शेवटी न बोलणारा ई बसवायचा असतो हे देवनागरीत वाढलेल्या पोराला का सुचावं? आपल्याकडे अक्षर लिहिलं की ते बोलतं. अस्सल खोक्यात ही पंचाईत सहसा होत नाही, कारण त्यात के मुळात एकच असतो. दोनशे तीस रुपयांत मला ती फुकट मिळाली, असं म्हणेन.

त्याच पोरामुळे पाचवीसाठी मी पुठ्ठ्याच्या आणखी काही सोंगट्या केल्या: सी-एच एका सोंगटीवर, एस-एच एका सोंगटीवर, टी-एच एका सोंगटीवर. आपल्याला च, श, थ ही एकेक अक्षरं वाटतात, मग पोरांना ती दोन सोंगट्यांत फोडायला लावून सुरुवात का करायची? दिवाळीनंतर या जोडसोंगट्या काढून घेतल्या. तोवर बहुतेकांचं बसलं होतं. तरीही खोकं म्हणून नकलेला ड. कुठल्याही शिक्षकानं ते घेऊ नये आणि घेतलंच तर आधी ई मोजावेत.

अस्सल स्क्रॅबल ही देखणी वस्तू आहे. सोंगट्यांचा स्पर्श, त्या ठेवायच्या पट्ट्या, कापडी पिशवी. आमच्या पोरांनी पहिल्या दिवशी सोंगट्यांचा वासच घेतला. पण हा खेळ मुळात दोन ते चार जणांचा आणि मला सहावीत सत्तावीस पोरं. मी तिघा-चौघांचा एक गट केला, एका पटावर चार गट, असे दोन पट. एक अस्सल, एक दुरुस्त केलेली नक्कल. जागेचा प्रश्न सुटला, भाषेचा नाही. स्क्रॅबल शांततेत खेळायचा खेळ आहे. ज्याला शब्द येतात तो लावतो, ज्याला येत नाहीत तो गटातल्या हुशार मुलीच्या खांद्यावरून बघतो. वहीत रेघा पडेनात. शेवटी मी नियम केला की शब्द लावायच्या आधी त्या शब्दाचं वाक्य गटातल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्यानं म्हणायचं, गटानं त्याला हवी ती मदत करायची. खेळ निम्म्यानं संथ झाला. एका तासात पट भरत नाही, अर्धवट पट फळीवर उचलून ठेवावा लागतो आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी धक्का दिलेला असतो. पण रेघा पडायला लागल्या.

आणि मग चपातीचा खटला. डिक्शनरीत असेल तोच शब्द चालेल, असं ठरलं होतं. शाळेच्या कपाटातली जुनी जाडजूड डिक्शनरी हे आमचं सुप्रीम कोर्ट. कुणीतरी आर-ओ-टी-आय लावलं, बाकीच्यांनी मराठी शब्द म्हणून हरकत घेतली, डिक्शनरी उघडली तर रोटी आत. त्या दिवसापासून पोरांना नादच लागला. घी सापडलं, ‘जी-एच-डबल ई, बाई, एच कशाला?’ सारी म्हणजे साडी सापडली, लाख सापडला. भाकरी सापडली नाही आणि सगळा वर्ग दुखावला गेला. मुंगूस शोधताना मला ठाऊक असलेलं मी सांगून टाकलं, की इंग्रजीतला मंगूस हा शब्द मराठी मुंगसावरूनच गेलाय. ‘मग आपण त्यांच्याकडून काय फी घेतली का?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तर पटावर एक मोकळा एच होता आणि शेवटच्या बाकावरच्या गटानं त्याच्या आधी सी, नंतर ए-पी-ए-टी-आय लावून चपाती केली. सात अक्षरांचा शब्द. त्यांनी नाचायलाच सुरुवात केली, कारण सात सोंगट्या एकदम लावल्या की पन्नास जादा मिळतात हे मी सांगितलेलं होतं. समोरचा गट उठला: तुमच्या पट्टीवरच्या सहाच, एच आधीचा. ते म्हणाले शब्द सातचा आहे. आवाज चढले. मी नियमांचं पत्रक मधे ठेवलं आणि म्हटलं, वाचा, ज्याचं बरोबर त्याला पन्नास. मी पंचवीस वर्षांत इंग्रजीचा उतारा इतक्या पोटतिडकीनं वाचला जाताना पाहिलेला नाही. बोट ठेवून, एकेक शब्द, एकमेकांना थांबवत. सातही सोंगट्या स्वतःच्या पट्टीवरच्या हव्यात, हे त्यांचं त्यांनीच काढलं. चपातीला फक्त शब्दाचे चौदा गुण मिळाले, वर काही नाही. अर्धा तास कुरकुर चालली. मला मात्र त्या दिवशी साडेआठशे वसूल झाल्यासारखे वाटले.

नेमके त्याच वेळी केंद्रप्रमुख दारात उभे होते. ‘आज खेळाचा तास का, बाई?’ मी म्हटलं, ‘आकलनाचा आहे, सर.’ ते पाच मिनिटं थांबले, जाताना एका गटाला ‘झेडला किती?’ असं विचारून गेले.

स्क्रॅबलला अ-२. सातवीला. पाचवीला देऊ नका. ज्यांना शंभर शब्दांचं स्पेलिंग येत नाही त्यांच्यासाठी तो शिक्षेसारखा आहे.

राहिली चित्रकार्डं, एकशे वीस रुपयांचा संच, सगळ्यात स्वस्त आणि आत उघडून पाहिल्यावर सगळ्यात हास्यास्पद. आय म्हणजे इग्लू. एक्स म्हणजे झायलोफोन, ज्याचा उच्चारच झ नं सुरू होतो, मग पोरानं एक्सचा आवाज कुठून शिकायचा? यू म्हणजे अर्न. दोन कानांचा एक तांब्यासारखा कलश. पाचवीतल्या एकानं विचारलं, ‘बाई, हे दहाव्याचं का?’ मी हो म्हटलं; अगदीच खोटं नव्हतं ते. जुन्नरच्या पोरांना देण्यासारखं नेमकं जे जनावर हवं ते त्यात नव्हतंच. सिंह होता, वाघ होता, पेंग्विन होता. बिबट्या नाही! इथे उसात बिबट्या, माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र, संध्याकाळी सहानंतर पोरांना एकटं सोडत नाहीत ते बिबट्यामुळे, आणि कार्डात पेंग्विन.

तरीही माझ्या वहीत सगळ्यात जास्त रेघा याच खोक्याच्या नावावर आहेत, आणि याचं कारण म्हणजे मी एकाच छापाचे दोन संच घेतले होते. दोन संच म्हणजे प्रत्येक चित्राची जोडी. जोडी म्हटली की ‘गो फिश’ खेळता येतो. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: चौघांना पाच-पाच कार्डं, बाकीची मधे उपडी. आपल्या हातात पेंग्विन असेल तर दुसऱ्याला विचारायचं, ‘हॅव यू गॉट अ पेंग्विन?’ त्याच्याकडे असेल तर ‘येस, आय हॅव. हिअर यू आर.’ नसेल तर ‘नो, आय हॅवन्ट. गो फिश.’ मग मधलं एक कार्ड उचलायचं. ज्याच्या जोड्या जास्त तो जिंकला.

बघा, इथे विचारल्याशिवाय कार्ड मिळतच नाही. ऊनोत पान टाकून मोकळं होता येतं, स्क्रॅबलमध्ये मान खाली घालून बसता येतं. इथे तोंड उघडावंच लागतं आणि समोरच्याला ऐकावंही लागतं, नाहीतर कोणाकडे काय आहे ते कळत नाही. वीस मिनिटांत चौघांच्या एका गटाशेजारी पान भरलं, मागच्या पानावर गेले. सगळ्यात अबोल म्हणून मी ज्याचा उल्लेख वर केला त्याचं वाक्य पहिल्यांदा ऐकलं ते इथेच: ‘हॅव यू गॉट ॲन आउल?’

‘गो फिश’ पोरांना पटेना. मासे कुठे आहेत इथे? दोन आठवड्यांत त्याचं ‘गो टू नारायणगाव’ झालं. कार्ड नाही? जा नारायणगावला, बाजारात. घरचा टोमॅटो जिकडे जातो तिकडेच जायचं ना! मी बदललं नाही. मुंबईहून आलेल्या एका पाहुण्या बाईंना ते कळेना, तेव्हा पोरांनी त्यांना इंग्रजीत समजवायचा प्रयत्न केला. तीन रेघा मारल्या मी.

आणि अ की ॲन? माझ्या आयुष्यातला सगळ्यात कंटाळवाणा पाठ. दरवर्षी फळ्यावर लिहायचं, ए-ई-आय-ओ-यू आलं की ॲन, आणि दरवर्षी चाचणीत ‘ॲन युनिफॉर्म’. पोरांनीच नियम केला की चुकीचं अ-ॲन म्हटलं तर कार्ड द्यायचं नाही. मग काय, जो तो दुसऱ्याची चूक धरायला टपलेला. युनिफॉर्मवरून भांडण झालं (ते कार्ड आमचंच, लग्नपत्रिकेवर काढलेलं). स्पेलिंग यू नं सुरू होतं, मग ॲन का नको? माझ्या तोंडून सहज निघून गेलं, ‘मराठीत लिहून बघ.’ त्यानं फळ्यावर लिहिलं: युनिफॉर्म. य आलं. य हे व्यंजन. आणि माझ्याच डोक्यात दिवा लागला. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर बाराखडीतला स्वर निघाला तर ॲन, व्यंजन निघालं तर अ. आउल, आ, म्हणून ॲन. अर्न, अ, म्हणून ॲन. एच-ओ-यू-आर चा ‘अवर’, स्पेलिंग एच नं, पण लिहिलं तर अ, म्हणून ॲन. वन-रुपी कॉइन, स्पेलिंग ओ नं, लिहिलं तर व, म्हणून अ. सगळे अपवाद धडाधड सरळ झाले. उच्चारावर जा, स्पेलिंगवर नको, असं पुस्तकात लिहिलेलं असतंच. पण उच्चार डोळ्यांना दाखवायचं यंत्र पोराच्या दप्तरात पहिलीपासून आहे, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. इंग्रजीच्या तासाला मराठी लिहू नका म्हणणाऱ्यांना मी हे सांगत असते. ऐकतात थोडेच.

चित्रकार्डांना त्यांच्या छपाईसाठी क-१, एकच संच घेतल्यास तेवढंच; दोन संच घेतल्यास अ-१. इग्लू, झायलोफोन आणि आणखी सहा-सात कार्डं मी काढून टाकली. त्यांच्या जागी पोरांनी पत्रिकांच्या मागे काढलेला बिबट्या, मुंगूस, क्रेट, पंप, युनिफॉर्म आणि ॲम्ब्युलन्स. बिबट्याच्या दोन कार्डांपैकी एकावर ठिपके आहेत आणि एकावर चुकून पट्टे. पोरं ती जोडी धरतात. पेंग्विन राहू दिला, तो सगळ्यांना आवडतो.

आवाजाचं काय, असं शेजारच्या वर्गावरचे सर विचारतात. आवाज होतो. सात गट एकदम ‘हॅव यू गॉट’ म्हणायला लागले की बाजार भरतो, त्यावर इलाज नाही. म्हणून मी हा तास शेवटचा घेते, त्या वेळी त्यांचा वर्ग मैदानावर असतो. सोंगट्या हरवण्यावर मात्र इलाज सापडला: घंटा व्हायच्या आधी सगळ्यांनी मिळून इंग्रजीत शंभर मोजायचे, कमी भरले तर कुणी दप्तर भरायचं नाही. पन्हळीतला एच गेला तो या नियमाच्या आधी.

या मेमध्ये पुन्हा जाणार आहे, लग्नाचीच खरेदी. चित्रकार्डांचे आणखी दोन संच आणीन, दुसरं काही नाही. नकलेतून काढलेल्या ३४ सोंगट्या, त्यात तीन क्यू, तीन झेड, तीन एक्स, एका बिस्किटाच्या डब्यात आहेत. पहिलीच्या बाई सापशिडीसाठी मागून नेतात. परवा वऱ्हांड्यात दोन चिमुरड्या खेळत होत्या आणि एक दुसरीला सांगत होती, ‘तुझा क्यू सापानं गिळला.’